शेताची परिमिती: एकच चौकोन, पाच उत्तरं

माणदेशी · शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागांना तारेचं कुंपण करून देतो. शेतकऱ्याने फोनवर नकाशात बोटाने शेत आखायचं आणि लगेच 'इतके रनिंग फूट, इतके खांब, इतकी जाळी' असा अंदाज त्याच्या हातात पडायचा, असं एक छोटं अ‍ॅप त्याच्यासाठी लिहितोय. क्षेत्रफळाचं जमलंय. परिमितीपाशी गाडी अडलीय, कारण जिथे विचारावं तिथे वेगळं उत्तर.

कुणाचं खरं शेत इथे टाकत नाही. चाचणीसाठी सरळ चौकोन घेतलाय: रेखांश ७५.१९०० ते ७५.१९३०, अक्षांश १७.४४०० ते १७.४४२०. चार कोपरे, आत काही नाही.

पोस्टजीआयएसमध्ये (नकाशांचा डेटाबेस) एसटी_पेरिमीटर थेट चालवलं: ०.०१
तेच ईपीएसजी ३८५७ या सपाट नकाशाच्या प्रक्षेपणात नेऊन: ११३४.७
तेच जिऑग्राफी प्रकारात (वक्र पृथ्वीवर मोजणारा) बदलून: १०८०.१
ब्राउझरमध्ये टर्फ या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं लेंग्थ: १.०८१३
गूगल मॅप्सच्या जॉमेट्री लायब्ररीतलं कंप्यूटलेंग्थ: ८५९.८

पहिला आकडा अंशांत आणि टर्फचा किलोमीटरमध्ये, एवढं कळलं. बाकीच्यांत ८६० पासून ११३५ पर्यंत पसारा आहे. भावाला यातला कुठला आकडा देऊ? आणि तोच का?

नकाशाखोर · शनिवार, सकाळी १०:०५

यातली एकही लायब्ररी चुकलेली नाही. प्रत्येकीला तुम्ही वेगळा प्रश्न विचारलाय, एवढंच.

सगळ्यात धोकादायक ८५९.८, म्हणून आधी तो. त्यात चारपैकी तीनच बाजू आहेत. गूगलच्या पॉलिगॉनला पहिला बिंदू शेवटी परत द्यावा लागत नाही, नकाशावर आकार आपोआप बंद होतो. पण गेटपाथ जी यादी देतं तिच्यात बिंदू चारच असतात आणि कंप्यूटलेंग्थ त्या यादीला वाट समजतं: अ ते ब, ब ते क, क ते ड, संपलं. ड ते अ ही पश्चिमेची बाजू, २२२.६ मीटर, मोजलीच जात नाही. ती मिळवा, १०८२.५ येईल. लीफलेट या नकाशा-लायब्ररीत गेटलॅटलिंग्ज घेऊन स्वतः बेरीज केलीत तर तिथेही हेच होणार. याउलट जिओजेसन या नकाशातले आकार साठवायच्या स्वरूपाच्या नियमात (आरएफसी ७९४६, साल २०१६) कडं बंदच असावं लागतं, पहिला नि शेवटचा बिंदू एकच, म्हणजे चौकोनालाही पाच बिंदू. टर्फला जिओजेसन लागतं, म्हणून तिथे ही भानगड दिसली नाही.

स्वतः बेरीज करणार असाल तर असं करा:

परिमिती = ०
प्रत्येक क्र साठी, ० पासून (एकूण − १) पर्यंत:
  पुढचा = (क्र + १) % एकूण
  परिमिती += अंतर(बिंदू[क्र], बिंदू[पुढचा])

यादी आधीच बंद असली तरी बिघडत नाही, कारण शेवटच्या फेरीत त्याच बिंदूचं त्याच बिंदूपासूनचं अंतर म्हणजे शून्य मिळवलं जातं.

आता १०८२.५ आणि १०८१.३. हा फरक निव्वळ पृथ्वीच्या त्रिज्येचा. दोघेही पृथ्वी गोल धरतात, पण गूगलची वेबवरची लायब्ररी विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८१३७ मीटर घेते आणि टर्फ सरासरी त्रिज्या, ६३७१००८.८. गूगलचीच अँड्रॉइडसाठीची युटिलिटी लायब्ररी मात्र ६३७१००९ वापरते. त्यामुळे वेबवर आणि फोनवर ०.११ टक्क्याचा फरक दिसला तर आपल्या कोडमध्ये शोधत बसू नका.

१०८०.१ हा एलिप्सॉइडवरचा, म्हणजे ध्रुवांशी किंचित चपट्या पृथ्वीवरचा आकडा, जीपीएस वापरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ चा. तो द्या.

उंटावरचा · शनिवार, सकाळी १०:२०

वाखू (वाचनखूण) साठवली. ते तीन बाजूंचं प्रकरण आमच्या ऑफिसात घेऊन जातो.

विदागार · शनिवार, सकाळी ११:४०

११३४.७ वर कुणी बोललं नाही. खरं तर कोडमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा घोळ हाच.

३८५७ म्हणजे वेब मर्केटर. गूगल, ओपनस्ट्रीटमॅप, सगळ्यांच्या चौकोनी टाइल्स त्यातच. त्याचं एकक मीटर म्हणून लिहिलेलं असतं आणि तिथेच लोक फसतात. तो मीटर फक्त विषुववृत्तावर खरा. जसजसे उत्तरेला (किंवा दक्षिणेला) जाल तसतसं सगळं ताणलं जातं, साधारण एक भागिले अक्षांशाचा कोसाइन इतकं. सांगोल्याला पाच टक्के, नागपूरला सात, श्रीनगरला वीस आणि लंडनला तब्बल साठ टक्के. क्षेत्रफळात हा ताण दोनदा लागतो, म्हणजे तुमचा ७.०५ हेक्टरचा चौकोन ७.७९ हेक्टर होतो. क्षेत्रफळाचं काम झालंय म्हणालात, तिथेही ३८५७ नाही ना, हे एकदा बघून घ्या.

गंमत अशी की युरोपातला प्रोग्रामर असता तर पहिल्याच दिवशी शंका आली असती. आपल्याकडे पाच टक्के म्हणजे 'असेल बुवा' म्हणून खपून जातात. पण तुमच्या चौकोनाला त्याचे १७९ फूट होतात. दहा फुटांवर खांब धरला तर सतरा-अठरा खांब जास्तीचे.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी: तिथे परिमितीची दोन फंक्शनं आहेत. डॉलर लावलेलं पेरिमीटर प्रोजेक्टमध्ये निवडलेला एलिप्सॉइड आणि एकक दोन्ही पाळतं. बिनडॉलरचं पेरिमीटर, ज्याला कंसात भूमिती द्यावी लागते, ते लेयरच्या प्रक्षेपणात सपाट कागदावर मोजतं. लेयर ४३२६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांत, असेल तर उत्तर अंशांत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, लगेच उलगडा होतो. पायथनमध्ये जिओपांडाज निदान इशारा तरी देतं, भौगोलिक प्रणालीत लांबी मोजताय म्हणून. शेपली बिचारं काहीच बोलत नाही, त्याला प्रणाली माहीतच नसते.

माणदेशी · शनिवार, दुपारी १२:१५

क्षेत्रफळ जिऑग्राफीतूनच काढतोय, त्यामुळे तिथे ठीक आहे.

पण एक विचारतो. सर्व्हरकडे न जाता फोनवरच उत्तर हवंय, बागेत रेंज नसते. मग टर्फचं १०८१.३ चालवून घेऊ का? साधं हॅवर्साइन (गोलावरचं अंतर काढायचं सूत्र) आहे, दहा ओळींचं.

गोलगोल · शनिवार, दुपारी १२:३२

बिनधास्त चालवा. १०८० मीटरला सव्वा मीटर जास्त. तुमचा भाऊ जाळी ताणताना आणि कोपऱ्यावर गुंडाळताना याहून जास्त घालवत असेल. एलिप्सॉइडची पूजा करणाऱ्यांना कधी तार ओढायला लावलं पाहिजे.

नकाशाखोर · शनिवार, दुपारी १:१०

@गोलगोल, या चौकोनाला चालतं, कारण दोन चुका एकमेकींना खातायत. १७.४४ अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश एलिप्सॉइडवर ११०.६७ किमी भरतो, टर्फच्या गोलावर १११.२०. म्हणजे गोल जवळपास अर्धा टक्का जास्त देतो. पूर्व-पश्चिम एक अंश एलिप्सॉइडवर १०६.२३, गोलावर १०६.०८, म्हणजे तिथे उलट थोडं कमी. बेरजेत जमा-खर्च होऊन ०.११ टक्का दिसला. उत्तर-दक्षिण लांबट पट्टी घेतली, जशा भाऊवाटण्यांनंतर उरतात, तर पूर्ण अर्धा टक्का अंगावर येतो. किलोमीटरभर पट्टीच्या एका बांधाला पावणेपाच मीटर.

कुंपणाला हेही चालेल, मान्य. पण दहा ओळी हॅवर्साइनच्या लिहिण्यापेक्षा जिओग्राफिकलिबची जावास्क्रिप्ट आवृत्ती घातली तर फोनवरच एलिप्सॉइडचं उत्तर मिळतं, रेंज असो-नसो. चार्ल्स कार्नी यांची २०१३ ची पद्धत आहे, चूक नॅनोमीटरमध्ये मोजतात. जुनं विन्सेंटीचं सूत्र (१९७५) बऱ्याच ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेलं सापडतं. शेताला तेही उत्तम. पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरच्या दोन बिंदूंना मात्र ते कधी कधी उत्तरावर पोचतच नाही, नुसतं फिरत राहतं.

गोलगोल · शनिवार, दुपारी १:२५

सांगोल्यातल्या बागेची दुसरी बाजू पृथ्वीच्या विरुद्ध टोकाला निघाली तर कळवतो.

नकाशाखोर · शनिवार, दुपारी १:२८

:) मान्य.

जुनी साखळी · शनिवार, संध्याकाळी ५:५०

मी भूमी अभिलेखातून निवृत्त झालेला भूकरमापक. कोडिंगमधलं कळत नाही, पण परिमिती आयुष्यभर मोजली, म्हणून दोन शब्द.

आमच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एका आण्याला दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, असे चाळीस गुंठे झाले की एकर. तुमचा १०८०.१ मीटरचा चौकोन म्हणजे १०७ साखळ्या नि सहा आणे. आता हे सांगायचं कारण: साखळी आम्ही नेहमी आडवी, समपातळीत धरायचो. उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी मोजायचं, जमिनीला चिकटवून नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि नकाशावरचा बांध दोन्ही आडव्या मापातले. तुमची ही सगळी सूत्रंही माझ्या समजुतीप्रमाणे तेच आडवं माप देतात.

तार मात्र जमिनीबरोबर चढते-उतरते. दहा अंशांच्या उतारावर नकाशातल्या १०० मीटरला तार १०१.५ मीटर लागेल, वीस अंशांच्या उतारावर १०६.४. सांगोल्याच्या माळावर फरक नगण्य. हेच अ‍ॅप उद्या कोकणात आंब्याच्या कलमांना लावलंत तर तुमच्या त्या गोल आणि लंबगोलाच्या भांडणापेक्षा हा उतार कितीतरी मोठा ठरेल.

आणि एक. नकाशावर बोटाने आखलेल्या रेषेला हद्द म्हणू नका. अ‍ॅपमध्ये ठळक लिहा की हा अंदाज आहे. हद्द ठरते मोजणीच्या 'क' प्रतीवरून (भूमी अभिलेखाचा मोजणी नकाशा) आणि जागेवरच्या हद्दीच्या दगडांवरून. कुंपण अर्धा हात शेजाऱ्यात गेलं तर खटला चालतो, आणि तो नातवापर्यंत चालतो.

विदागार · शनिवार, संध्याकाळी ६:३०

काका, समजूत अगदी बरोबर आहे. उंचीचा भाग यातल्या एकाही आकड्यात नाही. पोस्टजीआयएसमध्ये थ्रीडी पेरिमीटर म्हणून वेगळं फंक्शन आहे, पण त्याला प्रत्येक कोपऱ्याची उंची लागते आणि प्रणालीही मीटरवाली लागते. शिवाय दोन कोपऱ्यांच्या मध्ये टेकाड असेल तर ते त्यालाही दिसत नाही. त्यापेक्षा शेतकऱ्याला 'सपाट, मध्यम उतार, डोंगरउतार' असे तीन पर्याय विचारून टक्के वाढवणं बरं.

माणदेशी · रविवार, सकाळी ८:४०

काका, 'क' प्रतीची सूचना पहिल्याच पानावर घालतो. उताराचे पर्यायही घेतले.

आता खरा प्रश्न. बोटाने आखण्याऐवजी काही शेतकरी फोन खिशात ठेवून बांधावरून चालतात, फोन सेकंदाला एक बिंदू नोंदवतो. अशा नोंदींत क्षेत्रफळ सातबाऱ्याच्या आसपास येतं, पण परिमिती कितीतरी फुगते. जिऑग्राफी वापरूनसुद्धा. भाऊ म्हणतो टेपने मोजलं तर इतकं भरत नाही. एकाच आकारातून निघालेलं एक माप बरोबर आणि दुसरं चूक, असं कसं?

नकाशाखोर · रविवार, सकाळी ९:३०

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला.

कागदावर करून बघा. सरळ बांध, १०० मीटर. दर मीटरला एक बिंदू, आणि जीपीएसच्या लहरीने प्रत्येक बिंदू आळीपाळीने अर्धा मीटर डावीकडे, अर्धा मीटर उजवीकडे. आता एका टप्प्यात पुढे एक मीटर आणि आडवा एक मीटर, म्हणजे तिरकं अंतर १.४१४. शंभर मीटरचा बांध १४१ मीटर झाला. क्षेत्रफळात मात्र डावीकडचे त्रिकोण मिळवले जातात, उजवीकडचे वजा होतात, उरतं जवळपास शून्य. क्षेत्रफळातल्या चुका दोन्ही दिशांना जातात, परिमितीतल्या वळवळी फक्त वाढवतात.

तीच अर्धा मीटरची लहर, पण बिंदू दर दहा मीटरला घेतला तर? टप्पा १०.०५ मीटर, बांध १००.५. जीपीएस तेवढंच वाईट, उत्तर मात्र कामाचं. म्हणजे बिंदू जितके जास्त घ्याल तितकं परिमितीचं वाटोळं. प्रत्यक्षात फोनच्या लागोपाठच्या चुका एकमेकींसारख्या असतात, इतक्या नेमाने डावी-उजवी होत नाही, म्हणून ४१ टक्के फुगवटा दिसणार नाही. पण दिशा हीच.

त्यात माणूस कोपऱ्यावर थांबून शेजाऱ्याशी बोलतो. पाय थांबले तरी फोन बिंदू टाकतच राहतो आणि त्या एका जागी लोकरीचा गुंडा तयार होतो. त्याची सगळी लांबी परिमितीत जाते.

उपाय:

सगळ्यात चांगला म्हणजे सतत नोंद बंद करून 'कोपरा नोंदवा' असं बटण द्या. शेतकरी हद्दीच्या दगडापाशी उभा राहील, फोन दहा-वीस सेकंदांची सरासरी घेईल, एक बिंदू. भावाला खांबांसाठी तेच कोपरे लागणार आहेत.

बांध वाकडा असेल आणि सतत नोंद हवीच असेल तर आधी गाळणी लावा: आधीच्या स्वीकारलेल्या बिंदूपासून पाच मीटरच्या आतला बिंदू घ्यायचाच नाही. मग डग्लस-प्यूकर (१९७३ चं, नकाशावाल्यांचं लाडकं सरलीकरण) दोन-तीन मीटरच्या मर्यादेने. लक्षात ठेवा, बिंदू गाळला की परिमिती कमीच होते, वाढत नाही, कारण त्रिकोणाच्या दोन बाजू तिसरीपेक्षा मोठ्या. त्यामुळे मर्यादा जास्त ठेवलीत तर खरी वळणंसुद्धा कापली जातील आणि जाळी कमी पडेल.

आणि पोस्टजीआयएसच्या एसटी_सिम्प्लिफायला मर्यादा द्याल ती प्रणालीच्या एककात असते. ४३२६ मध्ये २ लिहिलंत तर ते दोन अंश, म्हणजे सांगोल्यापासून दोनशे किलोमीटर. शेताचा आकारच उरणार नाही. आधी ३२६४३ मध्ये (मीटरमध्ये मोजणारं यूटीएम प्रक्षेपण, विभाग ४३) न्या, मग २ मीटर.

जुनी साखळी · रविवार, सकाळी १०:१५

नकाशाखोर, तुमचं बटण म्हणजे आमचीच पद्धत. आम्ही बांधावरून चालत मोजत नव्हतो. मधून एक सरळ रेषा टाकायची, तिच्यावरून प्रत्येक कोपऱ्याला काटकोनात लंब, आणि फक्त लंबांची नि अंतरांची नोंद. कोपरे आले की बाजू आपोआप येतात.

ब्रह्मपुत्रेकाठी · रविवार, दुपारी २:०५

नोकरीमुळे गुवाहाटीला असतो, मराठी वाचायला इथे येतो. धाग्यात एक गोष्ट सुटलीय, ती आमच्याकडे लगेच पकडली जाते आणि तुमच्याकडे पकडली जाणार नाही.

जिओजेसनमध्ये आधी रेखांश मग अक्षांश. लीफलेट आणि गूगलमध्ये आधी अक्षांश. अदलाबदल झाली की आमच्या ९१.७ रेखांशाचा अक्षांश होतो. ९० च्या वर अक्षांश नसतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी कोड तिथेच ओरडतो. महाराष्ट्राचे रेखांश ७२.६ ते ८०.९, सगळे ९० च्या आत. तिथे कुणीच ओरडत नाही. माणदेशींचा चौकोन उलटा टाकून बघितला: शेत स्वालबार्डच्या दक्षिणेला समुद्रात गेलं आणि टर्फच्या गोलावर परिमिती आली ७८१ मीटर. आकडा दिसायला इतका सभ्य की कुणाला शंका येणार नाही.

आपल्याकडे एक साधी अट पुरते: अक्षांशाचा आकडा रेखांशापेक्षा मोठा निघाला तर थांबा. भारतात कुठेही अक्षांश रेखांशापेक्षा मोठा नसतो.

माणदेशी · रविवार, दुपारी २:३०

ही अट आत्ताच टाकली. स्वालबार्डला डाळिंब लावायचा विचार नाही.

उंटावरचा · रविवार, दुपारी ३:००

शेततळ्याचं काय करणार? आमच्या भागात बागेत हमखास एक तळं असतं, ३० बाय ३० चं. आकारात भोक पाडलं तर परिमिती वाढते की नाही?

विदागार · रविवार, दुपारी ३:५५

वाढते, आणि कुठे वाढते कुठे नाही यावर लायब्ऱ्यांचं एकमत नाही.

३० बाय ३० च्या तळ्याचा काठ १२० मीटर. या चौकोनात ते भोक असेल तर पोस्टजीआयएसचं एसटी_पेरिमीटर साधारण १२०० देईल, कारण ते आतली कडीही मोजतं. शेपलीचं लेंग्थ तसंच, टर्फचंही. पण पायथनच्या पायप्रोज लायब्ररीतल्या जिऑडचं जॉमेट्री_एरिया_पेरिमीटर फक्त बाहेरच्या कड्याची परिमिती देतं, १०८०, आणि क्षेत्रफळातून मात्र तळं वजा करतं. हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. ते वाचतं कोण हा वेगळा प्रश्न. त्याचं क्षेत्रफळ ऋण आलं तरी दचकू नका. बिंदू घड्याळाच्या दिशेने दिलेत एवढाच त्याचा अर्थ, परिमितीला त्याने काही होत नाही.

बाहेरचंच हवं असेल तर पोस्टजीआयएसमध्ये एसटी_एक्स्टेरिअररिंगने कडं काढायचं, ते जिऑग्राफीत बदलायचं आणि एसटी_लेंग्थ लावायचं. इथे आणखी एक खोच: एसटी_लेंग्थ रेषांसाठी आहे. आख्ख्या पॉलिगॉनला लावलंत तर २.० आवृत्तीपासून उत्तर शून्य, एररही नाही.

तुमच्या कामात मला वाटतं दोन्ही आकडे वेगळे दाखवावेत. तळ्याभोवती कुंपण लागतंच, पोरं-गुरं पडतात, फक्त ती जाळी वेगळ्या उंचीची आणि वेगळ्या भावाची असते.

माणदेशी · रविवार, रात्री ९:२०

वेगळे दाखवतो.

आता शेवटचा डोंगर. दोन भावांचे शेजारशेजारचे गट, कुंपण मात्र बाहेरून एकच. मी एसटी_युनियन (आकार जोडून एक करणारं फंक्शन) करून परिमिती काढली. काही ठिकाणी बरोबर येते, काही ठिकाणी मधला बांध दोनदा धरल्यासारखी.

नकाशाखोर · रविवार, रात्री १०:१०

दोनदाच धरलाय. दोन्ही गट वेगवेगळे आखले गेले, मध्ये केसाएवढी फट राहिली. नकाशावर कितीही झूम केलं तरी दिसणार नाही, पण युनियनच्या दृष्टीने ते दोन सुटे आकार. मग परिमिती म्हणजे दोघांची बेरीज, मधल्या बांधासकट दोनदा. फट काही ठिकाणी मिटलेली नि काही ठिकाणी उघडी असेल तर आत लांबट भोकं तयार होतात, तीही मोजली जातात. क्षेत्रफळावर याचा काडीचा परिणाम नाही, म्हणून क्षेत्रफळ बघून पडताळा घेणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

३२६४३ मध्ये न्या, प्रत्येक गटाला अर्ध्या मीटरचा बफर देऊन फुगवा, युनियन करा, तितकाच आत घ्या. बफरचा सांधा टोकदार ठेवा. गोल ठेवलात तर कोपरे गोल होतात आणि बिंदूंची संख्या वाढते. मग भोकांची यादी काढून दहा-वीस चौरस मीटरच्या आतली टाकून द्या, खरं तळं तेवढं लहान नसतं. आखतानाच दुसऱ्या गटाचा बिंदू पहिल्याच्या कोपऱ्याला चिकटवायची सोय दिलीत तर हा सगळा उपद्व्याप वाचेल, आणि मधला बांध हवा असेल तर दोन आकारांच्या छेदाची लांबी म्हणून थेट मिळेल.

कोकणकाठ · सोमवार, सकाळी ७:५०

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. शाळेत आम्ही महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किमी पाठ केली. केंद्राच्या जुन्या तक्त्यात ती ६५२.६ होती आणि नव्या मोजणीत ८७७.९७ झाली. समुद्र तर तोच. मग परिमिती कुणाची खरी?

नकाशाखोर · सोमवार, सकाळी ८:४५

माणदेशींच्या वळवळीचाच हा मोठा भाऊ, फरक इतकाच की इथल्या वळवळी खऱ्या आहेत.

भारताचा जुना आकडा ७५१६.६ किमी, १९७० च्या दशकातला, फार ढोबळ नकाशावरून काढलेला. नवा ११०९८.८१, एकास अडीच लाख प्रमाणावरच्या नकाशांवरून, भरतीची रेषा धरून. प्रमाण मोठं झालं की खाड्या, मुखं, बेटं दिसायला लागतात आणि प्रत्येक वळण लांबीत भर घालतं. म्हणून सुंदरबन असलेला पश्चिम बंगाल १५७ वरून ७२१ वर गेला आणि गुजरात १२१४.७ वरून २३४०.६२ वर.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने देशांच्या सीमांबाबत हे टिपून ठेवलं होतं, ते १९६१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. १९६७ मध्ये गणितज्ञ बेन्वा मँडलब्रॉ यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्नच लेखाचं शीर्षक केला. मोजपट्टी लहान करत गेलात तर किनारा वाढतच जातो, कुठल्याही एका आकड्यावर स्थिरावत नाही. क्षेत्रफळ मात्र स्थिरावतं.

म्हणून कोडमध्ये किनाऱ्याची, नदीची, जंगलाच्या कडेची परिमिती साठवताना शेजारी मोजपट्टीही साठवा: कुठल्या प्रमाणाचा नकाशा, सरलीकरणाची मर्यादा किती. वेगवेगळ्या प्रमाणांच्या दोन आकड्यांची तुलना करून 'किनारा वाढला' म्हणणाऱ्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

गोलगोल · सोमवार, सकाळी ९:०२

म्हणजे माझा हॅवर्साइनचा अर्धा टक्का आता कुणाला आठवतसुद्धा नाही. गुजरात दुप्पट झाला.

जुनी साखळी · सोमवार, सकाळी ९:३०

बांधाला दगड असतात, समुद्राला नसतात. शेताचा प्रश्न त्यामुळे सोपा.

माणदेशी · सोमवार, रात्री ८:१५

आता अ‍ॅपमध्ये असं चाललंय: कोपरा-बटण, फोनवर जिओग्राफिकलिब, बाहेरचं कडं आणि तळं वेगळं, उताराचे टक्के वरून. चौकोनाला दोन्हीकडे १०८०.१ येतंय. शेजारच्या गटांसाठी सर्व्हरवर ३२६४३.

पण भावाला यवतमाळकडून विचारणा आलीय, संत्र्याच्या बागेला. ३२६४३ तर ७८ रेखांशापर्यंतच ना? एक गट बरोबर रेषेवर येतोय, अर्धा इकडे अर्धा तिकडे.

विदागार · सोमवार, रात्री ९:०५

हो, ७२ ते ७८ पर्यंत विभाग ४३ आणि पुढे ४४, म्हणजे ३२६४४. यवतमाळ जिल्हा त्या रेषेवर बसलाय. अमरावती अलीकडे, वर्धा नि नागपूर पलीकडे.

गट तोडू नका. आख्खा गट एकाच विभागात टाका, ४३ किंवा ४४, कुठलाही. रेषेपलीकडे किलोमीटरभर गेलं म्हणून प्रक्षेपण कोसळत नाही. रेषेवर दोन्ही विभाग अंतर सारखंच, ०.०८ टक्के जास्त दाखवतात, किलोमीटरला ऐंशी सेंटीमीटर. सांगोल्याला उलट ०.०४ टक्के कमी दाखवतं, कारण ते विभागाच्या मध्यरेषेजवळ आहे, तुमचा चौकोन ३२६४३ मध्ये १०७९.७ येईल.

जे करायचं नाही ते म्हणजे अर्धे कोपरे ४३ मध्ये नि अर्धे ४४ मध्ये रूपांतरित करून एका यादीत घालणं. त्या रेषेवरचा एकच बिंदू ४३ मध्ये पूर्वांक (पूर्व-पश्चिम दिशेचा मीटरमधला आकडा) साधारण ८,१३,००० दाखवतो आणि ४४ मध्ये १,८७,०००. तसं झालं तर संत्र्याच्या बागेला एकेका बाजूला सव्वासहाशे किलोमीटर जाळी लागेल. युनियनसाठी विभाग पहिल्या गटाच्या मध्यबिंदूवरून ठरवा आणि तोच बाकीच्या गटांना लावा. युनियन झाल्यावर आकार परत ४३२६ मध्ये आणून परिमिती जिऑग्राफीतूनच काढा, मग त्या ऐंशी सेंटीमीटरचाही प्रश्न उरत नाही.